धावताना घाम, थांबताच हुडहुडी

जानेवारीतल्या पहाटे पुण्याचा पारा १० अंशांच्या आसपास असतो. टेकडीवर, विद्यापीठाच्या आवारात धावणाऱ्यांचे गट स्वेटर-कानटोपीत जमतात. दोनेक किलोमीटरनंतर तेच स्वेटर कमरेला बांधलेले दिसतात.

स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष हालचालीला लागतो, बाकीची उष्णता होते. म्हणून निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे घालावेत. बाहेर आहे त्यापेक्षा हवा १० अंशांनी उबदार आहे असे धरून चालायचे, हा धावपटूंचा आडाखा खरोखर उपयोगी आहे.

गटात मात्र मागच्यांसाठी थांबावे लागते, आणि पंचाईत तिथे होते. थांबताच उष्णता तयार होणे झपाट्याने घटते. घाम मात्र वाळत राहतो आणि माठातल्या पाण्यासारखे अंगही गार करतो. त्यात पाणी स्थिर हवेच्या सुमारे २५ पट सहजतेने उष्णता वाहून नेते. सुती बनियन घाम पिऊन अंगाला चिकटते आणि ऊब धरणारी हवा धाग्यांतून हटते. पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळजवळ शोषत नाही. घाम कापडावर पसरून लवकर उडतो.

तेव्हा आत पॉलिएस्टरचा टी-शर्ट, कमरेला पातळ विंडचीटर. थांबल्यावर लगेच चढवायचा, हुडहुडीची वाट पाहायची नाही. सावकाश धावणाऱ्याच्या अंगात उष्णता कमी तयार होते, त्यामुळे त्याला एखादा थर जास्त लागतो. वेगवान सोबत्याचे पाहून त्याने तो उतरवू नये.