डोळ्यांची चुगली

पांढऱ्या कागदाच्या मधोमध शाईचा एक ठिपका काढा. त्याच्यापासून चार बोटांवर पेन्सिलीचा हलकासा डाग काढून तो बोटाने पसरवा, म्हणजे त्याची कड पुसट होईल. आता एक डोळा झाकून ठिपक्याकडे टक लावून पाहा. नेटाने पाहिलंत तर थोड्याच वेळात डाग विरू लागतो आणि त्या जागी कोरा कागद दिसतो. नजर जराशी ढळली की डाग पुन्हा हजर! स्वित्झर्लंडच्या इग्नाझ ट्रॉक्सलर यांनी हा प्रकार १८०४ मध्येच नोंदवून ठेवला होता.

आपल्या दृष्टियंत्रणेला बदलाची भूक असते. समोरचं चित्र बदललंच नाही, तर तिथल्या पेशी हळूहळू थंडावतात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये डिचबर्न आणि अमेरिकेत रिग्ज यांनी आरसा जडवलेल्या कॉन्टॅक्ट लेन्सच्या साहाय्याने, डोळा हलेल तसं चित्रही हलेल अशी सोय केली. दृष्टिपटलावर चित्र एकाच जागी खिळलं आणि काही सेकंदांत पाहणाऱ्याच्या लेखी ते नाहीसंच झालं. म्हणून डोळा कधी पूर्ण स्थिर नसतो. तो थरथरतो, सावकाश घसरत राहतो आणि सेकंदाला एखाद-दुसरी चिमुकली उडी मारतो. या उडीचं नाव मायक्रोसॅकेड. हात लांब करून अंगठ्याचं नख पाहिलं तर त्याची रुंदी साधारण दीड-दोन अंश भरते. ही उडी बहुधा एका अंशाच्याही आत संपते. ती आपल्याला जाणवत नाही, आरशासमोर उभं राहिलं तरी दिसत नाही.

या उड्यांचा उपयोग काय, यावर शास्त्रज्ञांची चांगलीच जुंपली होती. सुईत दोरा ओवताना माणसं त्या जवळपास थांबवतात, असं १९७६ मध्ये दिसलं. मग नाजूक कामात ज्यांची अडचण होते, त्या कामाच्या कशा? १९८० मध्ये कोव्लर आणि स्टाइनमन यांनी तर या उड्या निरुपयोगी असल्याचं ठासून लिहिलं. पुढे २०१० मध्ये बोस्टनमध्ये मिकेले रुची यांच्या गटाने पडद्यावरच्या सुईत दोरा ओवायला लावून अधिक बारकाईने मोजमाप केलं. तेव्हा दोरा नेढ्याजवळ येऊ लागला, तशी नजर दोऱ्याचं टोक आणि नेढं यांच्यात अचूक ये-जा करताना सापडली. पाहणाऱ्याला मात्र आपण एकाच जागी बघतोय असंच वाटत होतं.

आता लक्षाकडे येऊ. कबड्डीत चढाईला गेलेला गडी समोरच्याच्या डोळ्यांत पाहत असतो, पण सगळं चित्त कोपऱ्यातला गडी कधी झेपावतो याकडे. नजर एकीकडे आणि लक्ष दुसरीकडे हे जमतं, याचा पुरावा एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ यांनी स्वतःवरच प्रयोग करून दिला. अंधाऱ्या पेटीत अक्षरं, मध्ये पाहायला प्रकाशाचा बारीक बिंदू आणि मग क्षणभर विजेची ठिणगी. डोळा हलवायला वेळच नाही. तरीही कुठल्या कोपऱ्याकडे लक्ष द्यायचं हे आधी ठरवलं, तर तिथली अक्षरं त्यांना ओळखता येत.

लक्ष असं गुपचूप सरकतं, तेव्हा डोळा खरोखर गप्प असतो का? २००२ मध्ये कॅनडात हाफेद आणि क्लार्क यांनी आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या पोट्सडामला एंगबर्ट आणि क्लीगल यांनी मायक्रोसॅकेडच्या दिशा तपासल्या. मधल्या बिंदूवर नजर ठेवा, पण लक्ष डावीकडे किंवा उजवीकडे असू द्या, अशी सूचना दिली होती. सूचना मिळताच उड्या आधी रोडावतात, मग उसळी घेतात आणि त्यांचा कल लक्ष असलेल्या बाजूकडे झुकतो. चुगली पकडली गेली!

पण चुगलीवर निकाल देता येत नाही. बाजूला अचानक काही चमकलं, तर थोड्या वेळाने उड्या नेमक्या उलट दिशेला जाताना आढळतात. २००७ मध्ये हॉरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी स्पष्टच आक्षेप घेतला की, एकट्या-दुकट्या उडीवरून त्या क्षणी लक्ष कुठे होतं हे ओळखता येत नाही. मला हा आक्षेप रास्त वाटतो. तरीही दोन्हींचं नातं आहे, कारण त्यांची मुळं मेंदूत एकाच ठिकाणी भेटतात. मध्यमेंदूत सुपीरिअर कॉलिक्युलस नावाचं केंद्र आहे. मोठ्या नजरफेकीबरोबर या सूक्ष्म उड्याही तिथून निघतात, हे २००९ मध्ये माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं. आणि तोच भाग तात्पुरता बधिर केला, तर संबंधित बाजूकडे लक्ष देणंही अवघड होतं.

पुढचा वाद अजून ताजा आहे. २०१८ मध्ये माकडांच्या मेंदूतल्या नोंदींवरून एका गटाने सांगितलं की, लक्षामुळे पेशींचा प्रतिसाद वाढतो तो उडी त्या बाजूला गेल्यावरच. २०२२ मध्ये दुसऱ्या गटाला कॉलिक्युलसमधल्या पेशींत उडी नसतानाही तो परिणाम आढळला. त्याच वर्षी माणसांच्या मेंदूलहरींतही उडीविना लक्ष सरकल्याच्या खुणा सापडल्या. तेव्हा पारडं सध्या असं झुकतंय: उडी ही लक्षाची खूण आहे, त्याचं कारण नव्हे.

ही खूण किती दूरवर उमटते ते २०१९ मध्ये फान एडे, चेक्राउड आणि नोब्रे यांनी दाखवलं. पडद्यावर डावी-उजवीकडे दोन रंगांच्या तिरप्या रेघा दाखवल्या आणि पुसून टाकल्या. नंतर मधल्या बिंदूचा रंग बदलून त्या रंगाची रेघ आठवायला सांगितलं. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, रेघ कुठे होती हेही कोणी विचारलं नव्हतं. तरी नजर किंचित त्या बाजूला कलत होती. कल इतका अल्प की एकेका नोंदीत तो नजरेत भरत नाही, असंख्य नोंदींची सरासरी काढली तेव्हाच तो उठून दिसला.