सही एजंटाची, देणे कुणाचे?

दुसऱ्यासाठी काम करायला किंवा तिऱ्हाइताशी होणाऱ्या व्यवहारात त्याच्या वतीने उभे राहायला नेमलेल्या व्यक्तीला भारतीय करार अधिनियम, 1872 मध्ये अभिकर्ता म्हटले जाते. बाजारात तोच कामापरत्वे एजंट, अडत्या किंवा मुखत्यार म्हणून ओळखला जातो, आणि ज्याच्यासाठी तो काम करतो त्याला येथे सोयीसाठी मालक म्हटले आहे. या अधिनियमाच्या कलम 230 चा मूळ नियम असा की, वेगळे काही ठरलेले नसेल तर एजंटाने मालकासाठी केलेला करार एजंटाला स्वतः बंधनकारक नसतो आणि तो त्याला स्वतःच्या हक्काने बजावूनही घेता येत नाही. ग्राहक तक्रारींतही हा बचाव चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 च्या एका निवाड्यात स्पष्ट केले; त्यामुळे मालकाचे नाव उघड असताना केवळ समोर दिसतो म्हणून एजंटाला धरता येत नाही.

मात्र त्याच कलमात तीन प्रसंग असे सांगितले आहेत की ज्यांत एजंट स्वतः बांधला गेला असे गृहीत धरले जाते, आणि ते खोडून काढायचे तर पुरावा त्यालाच द्यावा लागतो: मालक परदेशस्थ व्यापारी असून त्याच्यासाठी मालाची खरेदी-विक्री झाली असेल, एजंटाने मालकाचे नाव सांगितले नसेल, किंवा नाव सांगूनही त्या मालकावर दावा लावता येत नसेल. तिन्हींच्या मुळाशी एकच व्यवहारी विचार आहे. समोरचा माणूस कुणाची तरी पत पाहून माल सोडतो, आणि मालक अदृश्य किंवा हाताबाहेरचा असेल तर ती पत एजंटाचीच असणार.

जुन्या मुंबईच्या बाजाराने हा विचार आपल्या परिभाषेत कायद्याच्या पुस्तकापेक्षाही नेमका मांडला होता, असे म्हणावे लागते. तेथे अडत दोन प्रकारची, कच्ची आणि पक्की. कच्चा अडत्या बाहेरगावच्या गिऱ्हाइकाची तिऱ्हाइताशी गाठ घालून देतो आणि आपल्या अडतीपुरताच उरतो. पक्का अडत्या मात्र गिऱ्हाइकाला ठरल्या भावाने व्यवहार पुरा होण्याची स्वतः हमी देतो, त्यासाठी दुसरा पक्ष शोधायलाच हवा असे बंधन त्याच्यावर नसते, आणि म्हणून गिऱ्हाइकापुरता तो एजंट न राहता करारातला खुद्द पक्षकार ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाने 1905 मध्ये ही रूढी मान्य केली आणि पुढे, 1986 मध्ये, आयकर खात्यानेही लेखापरीक्षणासाठी उलाढाल मोजताना हाच कच्चा-पक्का भेद आपल्या परिपत्रकात स्वीकारला. कच्च्या अडत्याची उलाढाल म्हणजे त्याची अडत, पक्क्याची म्हणजे विक्रीची पूर्ण रक्कम.

कागदावर हा प्रश्न पुष्कळदा एका शब्दावर येऊन ठेपतो. पेढीच्या नावाआधी ‘करिता’ किंवा ‘फॉर’ लिहून आणि खाली आपला हुद्दा घालून केलेली सही ही पेढीची सही असते. नुसते नाव लिहून केलेली सही मात्र सही करणाऱ्याची स्वतःची मानली जाण्याचा धोका असतो. वचनचिठ्ठी आणि हुंडी यांच्याबाबत चलनक्षम दस्तऐवज अधिनियम, 1881 चे कलम 28 याहून कडक आहे, कारण आपण एजंट म्हणून सही करत आहोत किंवा स्वतःवर देणे घेत नाही, हे दस्तऐवजात दर्शवले नसेल तर सही करणाराच देणेकरी ठरतो. अपवाद एवढाच की, देणे फक्त मालकाचेच राहील असा विश्वास देऊन ज्याने सही करवून घेतली, त्याला ते एजंटाकडून मागता येत नाही.

अधिकार नसतानाच एखाद्याने कुणाच्या वतीने करार केला आणि त्या कथित मालकाने तो नंतर मान्य केला नाही, तर करार अधिनियमाच्या कलम 235 प्रमाणे समोरच्याचे झालेले नुकसान त्या तोतया एजंटाला भरून द्यावे लागते. मालक जन्मालाच आलेला नसेल तर पेच अधिक अवघड होतो. इंग्लंडमध्ये 1866 साली केलनर विरुद्ध बॅक्स्टर या खटल्यात, अजून स्थापन न झालेल्या हॉटेल कंपनीसाठी प्रवर्तकांनी मद्य विकत घेतले होते. ते पिऊन संपले, कंपनी बुडाली, आणि न्यायालयाने सही करणाऱ्या प्रवर्तकांनाच देणे भरायला लावले, कारण कराराच्या वेळी जी अस्तित्वातच नव्हती तिला तो मागाहून मान्य करता येणे शक्य नव्हते.

एजंट स्वतः जबाबदार ठरला म्हणून मालक सुटतोच असे नाही. कलम 233 नुसार तिऱ्हाइताला एजंटावर, मालकावर किंवा दोघांवरही दावा लावता येतो, फक्त ‘तुमच्याकडून काहीच मागणार नाही’ असा समज करून देऊन एकाला वागायला लावले असेल तर मागाहून त्याच्याकडे वळता येत नाही. मालकाने दिलेल्या अधिकारात राहून कायदेशीर काम करताना एजंटाने पदरचे भरले असेल, तर ते कलम 222 प्रमाणे मालकाकडून भरून मागण्याचा त्याला हक्क आहे. मालकाचे दिवाळे निघाले असेल तर त्या हक्कातून वसूल होते ते इतर धनकोंच्या रांगेत हाती येईल तेवढेच.