मेनूकार्डावरचा कॅलरींचा आकडा किती खरा?

मुलांकडे पुण्याला गेलेल्या आजी-आजोबांना अलीकडे मेनूकार्डावर एक नवा आकडा दिसू लागला आहे. पदार्थाचे नाव, किंमत आणि त्याखाली बारीक अक्षरांत किलोकॅलरी. वजन किंवा साखर सांभाळणाऱ्याला तो पाहून हायसे वाटते. "डॉक्टर, बाहेर खाल्ले खरे, पण चारशेच्या आतलेच," असे सांगणारे रुग्ण आता कुरकुंभच्या माझ्या दवाखान्यातही येऊ लागले आहेत. त्यांचे पथ्य प्रामाणिक असते. आकडा मात्र तितका काटेकोर नसतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार, केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी प्रत्येक पदार्थाची ऊर्जा मेनूवर देणे बंधनकारक आहे. २०२२ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्यामुळे हा आकडा साखळी उपाहारगृहांत दिसतो. यवत, चौफुला, पाटस ते कुरकुंभ या सोलापूर रस्त्यावरच्या एकट्या-दुकट्या धाब्यावर दिसणार नाही. अमर्याद थाळीत तर 'एक वाढप' म्हणजे किती, हे वाढप्याच्या आग्रहावर ठरते!

आकड्याशेजारी वाढपाचे वजन दिलेले असते, ते आपण आधी वाचावे. तीनशे किलोकॅलरी दीडशे ग्रॅमच्या असतील आणि आपल्यापुढे त्याहून मोठी वाटी आली, तर तो आकडा आपल्या ताटाचा राहत नाही.

हा आकडा येतो तरी कुठून? बहुधा ठरलेल्या पाककृतीतील घटकांच्या वजनावरून हिशेब मांडला जातो. प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ यांच्या एका ग्रॅममागे चार, तर स्निग्धांशाच्या एका ग्रॅममागे नऊ किलोकॅलरी. कागदावर हे गणित बिनचूक असते. कढईपाशी मात्र आचाऱ्याचा हात असतो. पंधरा मिलिलिटरचा एक मोठा चमचा तेल जास्त पडले की सुमारे १२० किलोकॅलरी वाढतात, म्हणजे साधारण दीड फुलका. पावभाजीवरचे लोणी किंवा मिसळीवर मागून घेतलेली तर्री यांचे तेच.

अमेरिकेत २०११ साली ४२ उपाहारगृहांतील २६९ पदार्थ प्रयोगशाळेत तपासून हे पडताळले गेले. एकंदर सरासरी जाहीर आकड्यांशी जुळली. परंतु १९ टक्के पदार्थांत प्रत्येक वाढपामागे शंभर किंवा त्याहून अधिक किलोकॅलरी जास्त आढळल्या. त्याहून महत्त्वाचे असे की, कमी कॅलरीचे म्हणून जाहीर केलेल्या पदार्थांतच प्रत्यक्ष ऊर्जा जास्त निघण्याकडे कल होता. म्हणजे पथ्य करणारा मनुष्य जो पदार्थ विश्वासाने निवडतो, तिथेच फसगतीचा संभव अधिक. म्हणून या आकड्याचा उपयोग दोन पदार्थांची तुलना करण्यापुरता करावा. दिवसाचा जमाखर्च त्यावर मांडू नये, असे माझे मत आहे.

मेनूवर 'सरासरी क्रियाशील प्रौढास दिवसाला २००० किलोकॅलरी' अशी ओळही असते. ती आपल्यासाठी लिहिलेली नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या तरुण स्त्रीसाठीसुद्धा १६६० किलोकॅलरीच धरल्या आहेत. सत्तरीतल्या आजींची गरज बहुधा त्याहून कमी.

शिवाय हा आकडा मिठाविषयी काहीच बोलत नाही. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवावे, हे आपण जाणताच. कमी कॅलरीचे सूप पुष्कळ खारट असू शकते. पापड आणि लोणचे बाजूला ठेवणे, तेल-लोणी कमी घालायला आधीच सांगणे, पोळीला तूप लावू न देणे, हे मला आकडेमोडीपेक्षा अधिक भरवशाचे वाटते.

सोबतच्या मुलांनी आणि सुनांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणारी वृद्ध व्यक्ती आकड्याच्या धाकाने नेहमीची पोळी-भात टाळून नुसत्या कोशिंबिरीवर भागवते, तेव्हा औषध पूर्ण आणि अन्न अर्धे असे होते. रक्तातील साखर घसरते. घाम, हातांना कंप, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. प्रवासात त्यांना 'दगदग' समजून सोडून दिले जाते. जेवणापूर्वीचे जलद इन्सुलिन हॉटेलात ताट समोर आल्याखेरीज घेऊ नये. तेथे पदार्थ यायला अर्धा तास सहज लागतो. बाहेर जेवण्याच्या दिवशी मात्रा कशी ठेवावी, हे आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. लक्षणे दिसताच तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटल्यावर जेवू घालावे. व्यक्ती शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही न घालता तिला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.