मूळ इंडो-युरोपीय भाषेतील ध्वनिपरिवर्तन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

संस्कृत ही ग्रीक आणि लॅटिन या भाषांची जननी होय, हा समज आजही प्रचलित आहे. वस्तुतः या तिन्ही भाषा भगिनी असून, त्यांच्या मूळ भाषेचा लिखित पुरावा नसल्याने अभ्यासकांनी तुलनेने सिद्ध केलेल्या तिच्या प्रत्येक रूपापूर्वी ताराचिन्ह छापले जाते. आरंभीच्या संशोधकांनाही संस्कृतची भुरळ पडली होतीच. आउगुस्ट श्लायखर यांनी १८६८ मध्ये या मूळ भाषेत मेंढी व घोडे यांची कथा रचली, तेव्हा तिच्या स्वरांत संस्कृतप्रमाणे 'अ'काराचेच प्राबल्य होते. पुढच्याच दशकात हे मत पालटले, आणि त्याची साक्ष संस्कृतनेच दिली. 'चकार' आणि 'जगाम' या रूपांत धातूचे द्वित्व होताना पहिल्या अक्षरात क् व ग् यांऐवजी च् व ज् येतात, कारण तेथे मुळात ह्रस्व 'ए' होता. त्याने कंठ्य व्यंजनाला तालव्य केले आणि मग तो स्वतः 'अ'मध्ये विलीन झाला. ग्रीकने तो स्वर जपला, म्हणजे या एका बाबतीत ग्रीक अधिक प्राचीन ठरते.

ध्वनिबदल म्हणजे अशिक्षितांच्या उच्चारातील शैथिल्य, हे मतही टिकत नाही. याकोप ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार मूळ 'त्' जर्मानिक शाखेत घर्षक 'थ्' होतो. 'भ्राता'शी जुळणाऱ्या गॉथिक शब्दात तो तसा आढळतो, परंतु 'पिता'शी जुळणाऱ्या शब्दात 'द्' दिसतो. हा अपवाद कार्ल व्हेर्नर यांनी १८७७ मध्ये उलगडला: वैदिक 'भ्रातृ' शब्दात उदात्त पहिल्या अक्षरावर, तर 'पितृ' शब्दात दुसऱ्यावर असतो, आणि व्यंजनाआधीचे अक्षर अनुदात्त असल्यास ते व्यंजन घोष होते. वेदपाठकांनी जपलेल्या स्वराघाताने जर्मानिक भाषांचे कोडे सुटावे, ही या शास्त्राची विलक्षण बाजू होय.

ताराचिन्हांकित रूपे पडताळता येत नाहीत, हा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे. फेर्दिनां द सोस्यूर यांनी १८७९ च्या ग्रंथात केवळ स्वरांच्या रचनेवरून काही लुप्त ध्वनींचे अस्तित्व गृहीत धरले. पुढे हित्ती भाषेचे कीलकलेख वाचले गेले आणि १९२७ मध्ये येझी कुरिलोविच यांनी अपेक्षित स्थानी हित्तीत 'ह'सदृश व्यंजन असल्याचे दाखवले. तथापि त्या ध्वनींचा नेमका उच्चार अद्याप वादग्रस्त असल्याने ते ह१, ह२, ह३ असे क्रमांकांनीच लिहिले जातात.