राष्ट्रपती भवन : अमानतीचे घर

दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीला जायचे ठरले तेव्हा लाल किल्ला, जामा मशीद, कुतुबमिनार ही नावे यादीत आपोआप आली. आम्ही त्यात राष्ट्रपती भवनाची भर घातली, तेव्हा नववीत शिकणाऱ्या मुलीने विचारले, "अम्मी, आपल्याला आत सोडतील?" त्या 'आपल्याला'मध्ये काय काय होते, ते आम्हा दोघांनाही कळले. उत्तर दिले नाही. नोंदणी मात्र केली.

ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. दिवस आणि वेळ निवडायची, सर्वांची नावे भरायची आणि जाताना मूळ ओळखपत्रे सोबत न्यायची. दारावरच्या जवानाने आमची नावे यादीशी ताडून पाहिली आणि "आइए" म्हणाला. बस, एवढेच. मुलीने आमच्याकडे पाहिले. आम्ही पुढे चालू लागलो.

हे घर इंग्रजांनी व्हाइसरॉयसाठी बांधले. 1912 ते 1929, सतरा वर्षे काम चालले. वास्तुकार एडविन लुट्यन्स. खोल्या 340! राज्य कायम टिकणार या हिशेबानेच बांधलेले. पण 1931 मध्ये पहिला व्हाइसरॉय येथे राहायला आला आणि 1947 मध्ये शेवटचा व्हाइसरॉय सत्ता सोपवून मोकळा झाला. बांधायला सतरा वर्षे, सत्ता भोगायला सोळा. इतिहास शिकवताना मुलांना सत्तेची क्षणभंगुरता सांगावी लागते. येथे ती भिंतीच सांगतात.

घुमटाखालच्या दरबार हॉलला आता गणतंत्र मंडप म्हणतात. पूर्वी येथे व्हाइसरॉय आणि त्यांच्या पत्नीची सिंहासने होती. 15 ऑगस्ट 1947 च्या सकाळी याच दालनात पंडित नेहरू आणि त्यांच्या मंत्र्यांनी शपथ घेतली. आज तेथे गुप्तकाळातली बुद्धमूर्ती शांतपणे उभी आहे. अशोक मंडपाच्या छतावर इराणचा बादशहा फतेह अली शाह शिकारीला निघालेला दिसतो आणि भिंतीवर फारसी शायर निजामी भेटतात. लैला-मजनूची दास्तान फारसीत अमर करणारे हेच ते निजामी, असे सांगताच मुलांचे डोळे चमकले.

पण आम्ही शोधत होतो ते एका शिक्षकाच्या खुणा. डॉ. झाकिर हुसेन 1967 मध्ये देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती झाले. त्याआधी बावीस वर्षे ते जामिया मिल्लियाचे कुलगुरू होते. जामिया बंद पडण्याच्या बेतात असताना, महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त न घेता वीस वर्षे काम करू, अशी शपथ घेणाऱ्यांत ते होते. आपल्या वर्ध्यात 1937 मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. तिथल्या नई तालीमचा आराखडा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच. मुलांसाठी त्यांनी 'अब्बू खाँ की बकरी' ही गोष्ट लिहिली. गुलाबांचे ते मोठे शौकीन. 3 मे 1969 रोजी पदावर असतानाच, याच भवनात त्यांचा इंतकाल झाला.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामही याच घरात राहिले. राष्ट्रपती भवनातली इफ्तारची दावत थांबवून तो खर्च त्यांनी अनाथाश्रमांकडे वळवला. 2006 मध्ये गावाकडून पन्नासएक नातेवाईक आले, तेव्हा त्यांच्या राहण्याजेवणाचे साडेतीन लाखांचे बिल कलामसाहेबांनी स्वतःच्या खिशातून भरले. घर सरकारचे, पाहुणे माझे. हा फरक त्यांनी पुसू दिला नाही. अमानत म्हणजे दुसरे काय? शाळेतला खडू घरी आणताना आपणही हे आठवायला हवे.

बाग त्या दिवसांत बंद होती, गुलाब पाहायचे राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही ओखल्याला, जामियाच्या आवारात गेलो. झाकिरसाहेबांची कबर तेथे आहे. 340 खोल्यांच्या घरातून निघालेला माणूस शेवटी आपल्या शाळेपाशी परतला. आजूबाजूने मुले-मुली पुस्तके घेऊन वर्गाकडे चालली होती. आम्ही फातिहा पढली.

परतीच्या गाडीत मुलीने पुन्हा विचारले, "अम्मी, पुढच्या वेळी बाग उघडी असताना जाऊया?" आत सोडतील का, हे तिने या वेळी विचारले नाही.

आपल्या मुलांनाही तेथे जरूर न्या. किल्ले आणि मकबरे दाखवताना आपण काय होतो ते सांगतो. हे घर दाखवताना आपण या देशाचे कोण आहोत आणि मिळालेली जबाबदारी कशी सांभाळायची, तेही सांगता येते. बाग पाहायची तर ती उघडण्याच्या तारखा आधी पाहून घ्या.