एकशिंगी घोडा आणि मैत्रीचा वर्ग

लहान मुलींच्या दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर, वाढदिवसाच्या केकवर आणि कंपासपेटीवर सध्या एक प्राणी हमखास दिसतो. शुभ्र देह, रंगीत आयाळ आणि कपाळावर एकच पीळदार शिंग असे त्याचे रूप असते. या युनिकॉर्नला घरातील वडीलधारी मंडळी बहुधा बाजाराने निर्माण केलेले एक खूळ समजतात. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तथापि याच प्राण्याच्या कथा हाताशी धरून ब्रिटनमधील प्राथमिक शाळांत मैत्रीसारखा नाजूक विषय शिकविता येतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आलेली नसते. पालकांनी ती जाणून घ्यावी अशीच आहे.

मालिकेचे स्वरूप

ज्युली साइक्स या ब्रिटिश लेखिकेची ‘युनिकॉर्न अकॅडमी’ ही मालिका लंडनच्या ‘नोझी क्रो’ या प्रकाशनसंस्थेने २०१८ साली सुरू केली. चित्रे ल्यूसी ट्रूमन यांची आहेत. स्वतः वाचू लागलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलांना पेलतील अशी ही छोटी छोटी पुस्तके आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिच्यावर आधारित चित्रमालिका नेटफ्लिक्सवर आली आणि तिचे नाव जगभरच्या घरांत पोहोचले.

कथेची मांडणी साधी आहे. एका बेटावर एक निवासी शाळा आहे. दहा वर्षांची मुले तेथे दाखल होतात आणि प्रत्येकाला एक युनिकॉर्न सोबती म्हणून मिळतो. वर्षभरात दोन गोष्टी साधावयाच्या असतात. आपल्या युनिकॉर्नमध्ये कोणती जादू दडली आहे ते शोधावयाचे आणि त्याच्याशी मनाचा बंध जुळवावयाचा. बंध जुळला की मुलीच्या केसांची एक बट युनिकॉर्नच्या आयाळीच्या रंगाची होते. प्रत्येक पुस्तकात एक नवी जोडी आणि तिचा निराळा स्वभाव भेटतो.

शिक्षकाच्या दृष्टीने या रचनेत एक मोठी सोय आहे. बंध कधी जुळेल हे कोणाच्याच हाती नसते. तो परीक्षेतील गुणांनी मिळत नाही, पैशाने विकत घेता येत नाही आणि घाई केल्यास लांबणीवर पडतो. एकीचा बंध लवकर जुळतो, दुसरीचा रेंगाळतो, आणि मागे राहिलेल्या मुलीच्या मनात ‘माझ्यातच काही उणे आहे काय?’ असा प्रश्न उभा राहतो. मधल्या सुटीत एकटेच भिंतीला टेकून उभे राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मनात हाच प्रश्न असतो. फरक इतकाच, की तो आपल्याविषयी बोलू शकत नाही, मात्र गोष्टीतल्या मुलीविषयी मोकळेपणाने बोलू शकतो.

मैत्रीला अभ्यासक्रमात स्थान

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून सर्व प्राथमिक शाळांत ‘नातेसंबंध शिक्षण’ हा भाग सक्तीचा करण्यात आला. कुटुंब, परस्परांविषयी आदर आणि वैयक्तिक सुरक्षितता यांच्या जोडीला मैत्रीलाही त्यात स्वतंत्र स्थान आहे. मैत्रीत चढउतार येतात, भांडणानंतर ती पुन्हा सांधता येते, आणि कोणावर विश्वास ठेवावा व कोणावर ठेवू नये हे ओळखावे लागते, अशा गोष्टी मुलांना समजाव्यात अशी त्यात अपेक्षा आहे. फळ्यावर ‘मित्राशी प्रेमाने वागावे’ असे लिहून हे साधत नाही. म्हणून शिक्षक गोष्टीचा आधार घेतात.

वर्गात प्रत्यक्ष काय घडते?

पहिला उपक्रम ऐकण्याचा. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हाती युनिकॉर्नचे चित्र असते, दुसऱ्याच्या हाती कोरा कागद. पहिल्याने केवळ शब्दांनी वर्णन करावयाचे आणि दुसऱ्याने ऐकून चित्र काढावयाचे. पाच मिनिटांनी दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की वर्गात हशा पिकतो. त्यानंतर शिक्षक विचारतात, ‘चूक कोणाची? सांगणाऱ्याची की ऐकणाऱ्याची?’ बहुतेक भांडणांचे मूळ याच प्रश्नात असते, हे मुलांना उपदेशावाचून उमगते.

दुसरा उपक्रम प्रश्नांच्या खुर्चीचा. एक मूल कथेतील पात्र होऊन वर्गापुढील खुर्चीवर बसते आणि इतर मुले त्याला प्रश्न विचारतात. ‘मैत्रिणीचा बंध तुझ्या आधी जुळला तेव्हा तुला कसे वाटले?’ या प्रश्नाला खुर्चीवरील मुलीने ‘आनंद झाला’ असे उत्तर दिले तर दुसरी विचारते, ‘खरे सांग, थोडेसुद्धा वाईट वाटले नाही?’ मत्सर मनात येणे हा अपराध नसून त्याला शरण जाणे हा दोष आहे, ही गोष्ट येथे मुलांच्या तोंडून बाहेर पडते.

तिसरा उपक्रम सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. त्याला ‘सदसद्विवेकाची गल्ली’ असे म्हणता येईल. मुले समोरासमोर दोन रांगांत उभी राहतात आणि मधल्या वाटेने एक मूल हळूहळू चालत जाते. शिक्षक एक पेच मांडतात. समजा, मैत्रिणीने शपथ घालून सांगितले आहे की ती रोज रात्री गुपचूप एकटीच शाळेबाहेर जाते. शिक्षिकेला सांगावे की सांगू नये? एका रांगेतील मुले एकामागून एक म्हणतात, ‘सांगू नकोस, ती तुझ्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही’, ‘तू वचन दिले आहेस’. दुसऱ्या रांगेतून आवाज येतात, ‘तिला काही झाले तर?’, ‘खरी मैत्रीण तिला संकटात एकटी सोडणार नाही’. वाट संपली की चालणाऱ्या मुलाने आपला निर्णय सांगावयाचा आणि त्याचे कारणही द्यावयाचे.

हा खेळ दिसतो तितका हलका नाही. एखाद्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेव्हा गुपित राखणे नेहमीच योग्य नसते, हे तेथील शासनाच्या मार्गदर्शनातही नमूद आहे. मोठ्यांपैकी कोणी ‘हे घरी सांगू नकोस’ असे बजावले तर काय करावे, याचे उत्तर मुलाने आधी कधीतरी मनात घोळवलेले असावे लागते. ऐन प्रसंगी ते सुचत नाही. युनिकॉर्नच्या गोष्टीतून त्या उत्तराची तालीम होते, ही या उपक्रमाची खरी किंमत होय.

चौथा उपक्रम लेखनाचा. एक कागद तीनदा घडी घालून आणि मध्ये एकच काप देऊन आठ पानांची चिमुकली पुस्तिका तयार होते. त्यात प्रत्येक मूल आपली नवी जोडी निर्माण करते. युनिकॉर्नचे नाव, त्याची जादू आणि त्याची एक उणीव लिहावयाची असते. शिक्षकांचा आग्रह उणिवेवर असतो. उणीव नसलेल्या पात्राला मित्राची गरजच उरत नाही, आणि मग गोष्टही पुढे सरकत नाही. याच्या जोडीला बेटाचा नकाशा काढून दिशा शिकविता येतात. तबेल्यातील दाणावैरणीचा जमाखर्च मांडून गणितही घेता येते. दुकानदारीच्या घरातील मुलांना हा शेवटचा भाग विशेष रुचावा.

थोड्या मोठ्या मुलांसाठी

नऊ-दहा वर्षांपुढील मुलांना, विशेषतः मुलग्यांना, रंगीत आयाळीची पुस्तके बाळबोध वाटतात. त्यांच्यासाठी ए. एफ. स्टेडमन यांची ‘स्कँडर’ मालिका आहे. लेखिका पूर्वी वकिली व्यवसायात होत्या. ‘स्कँडर अँड द युनिकॉर्न थीफ’ हे पहिले पुस्तक एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. यातील युनिकॉर्न उग्र आणि रक्तपिपासू आहेत. पुस्तकात झुंजी आणि मृत्यूही असल्याने पालकांनी ते आधी चाळून पाहणे इष्ट.

नायक तेरा वर्षांचा असून त्याला शाळेत मित्र नाहीत. पुढे चार मुलांच्या गटात त्याला राहावे लागते. त्यांतील मिचेल आरंभी त्याच्याकडे संशयाने पाहतो. वरकरणी धीट दिसणारी बॉबी आपल्याला येणारे भीतीचे झटके सर्वांपासून लपविते. निवडलेले मित्र आणि परिस्थितीने एकत्र आणलेले सोबती यांत फरक काय, आणि सोबत्याचा मित्र केव्हा होतो, या प्रश्नांवर या वयाच्या वर्गात चांगली चर्चा होऊ शकते.

शिंगाचा उगम आणि व्यापार

युनिकॉर्न हा परका प्राणी वाटतो, पण त्याची पाश्चात्त्य कथा भारताच्या नावानेच सुरू होते. इराणच्या दरबारी असलेल्या टेसियस या ग्रीक वैद्याने इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास भारताविषयी ग्रंथ लिहिला. त्यात भारतातील एकशिंगी रानगाढवाचे वर्णन असून त्याच्या शिंगातून पाणी प्यायल्यास विष बाधत नाही, असे म्हटले आहे. तो स्वतः भारतात आला नव्हता. गेंड्याविषयीच्या ऐकीव बातम्या त्यात मिसळल्या असाव्यात असे अभ्यासक मानतात. त्याच्याही कितीतरी आधी, इसवी सनापूर्वी २६०० ते १९०० या काळात, सिंधू संस्कृतीतील कारागीर शंखजिऱ्याच्या मुद्रांवर एकशिंगी पशू कोरीत होते. मोहेंजोदडोच्या मुद्रांवर हेच चिन्ह सर्वाधिक आढळते. बांधलेल्या मालावर ओली माती लावून तीवर या मुद्रा उमटवीत. म्हणजे या पशूची सर्वांत जुनी चित्रे व्यापाऱ्यांच्या मालावर उमटलेली आहेत. साबणाच्या वडीवर अशी मुद्रा कोरून मातीत तिचा ठसा घेणे हा इतिहासाच्या तासाचा सुंदर उपक्रम ठरतो.

याच शिंगाच्या नावाने युरोपात शतकानुशतके एक फसवा व्यापार चालला. आर्क्टिक समुद्रातील नारव्हाल या देवमाशाच्या जातीतील प्राण्याचा पीळदार दात ‘युनिकॉर्नचे शिंग’ म्हणून राजेरजवाड्यांना सोन्याहून अधिक भावाने विकला जाई. विषावरचा उतारा म्हणून त्याला मागणी असे. डेन्मार्कच्या राजांचे राज्याभिषेकाचे सिंहासनही या दातांनी मढविलेले असून ते कोपनहेगनच्या रोझनबर्ग राजवाड्यात आहे. सतराव्या शतकात ओले वर्म या डॅनिश विद्वानाने हे शिंग नारव्हालचे असल्याचे दाखवून दिले. खोट्या विश्वासावर उभा राहिलेला बाजार किती काळ टिकतो, हा प्रश्न सातवी-आठवीच्या मुलांपुढे ठेवण्याजोगा आहे.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना मुखपृष्ठाविषयी. गुलाबी वेष्टन पाहून मुलगे पुस्तकाला हात लावीत नाहीत. मैत्री सांभाळण्याचे शिक्षण मुलींपुरतेच राहिले तर ते अपुरे होय. काही शिक्षक यावर सोपा उपाय करतात. पुस्तकांना खाकी कागद चढवून वर केवळ दोन ओळींत विषय लिहितात आणि मुलांना निवड करू देतात.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. प्रत्येक प्रकरणावर प्रश्नपत्रिका काढल्यास गोष्ट मरते. मुलाने रात्री पांघरुणात शिरून पुढचे पान उलटावे, हाच मूळ हेतू आहे. एका पुस्तकामागे दोन-तीन उपक्रम पुरेसे होतात. बाकीचे वाचन निव्वळ आनंदासाठी राहू द्यावे.

घरी करता येण्याजोगे

हे सारे करण्यासाठी शाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. सुटीच्या दिवसांत भावंडांना पाठीला पाठ लावून बसविता येईल. आजोबांना प्रश्नांच्या खुर्चीवर बसवून कथेतील पात्र व्हावयास लावले तर नातवंडे त्यांना सहजासहजी सोडणार नाहीत. पुस्तके इंग्रजी असली तरी गप्पा मराठीतच व्हाव्यात, म्हणजे भावना सांगण्याचे शब्द मातृभाषेत रुजतील.

व्यापारी घराण्यांत भागीदारी, उधारी आणि दिलेला शब्द यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ज्याच्याशी व्यवहार करावयाचा त्याची पारख कशी करावी, मतभेद झाल्यास हिशेब कसा मिटवावा, आणि कोणती गोष्ट पोटात ठेवावी व कोणती वेळेवर बोलून दाखवावी, हे ज्ञान पेढीवर बसल्यावर एकाएकी येत नाही. त्याची सुरुवात शाळेच्या बाकावर, डबा वाटून खाताना होते. मूल संध्याकाळी घरी आले की ‘किती गुण मिळाले?’ याच्या आधी ‘आज कोणाबरोबर खेळलास?’ असे विचारावे. उत्तर देताना ते घुटमळले, तर त्याच्या शेजारी बसून एखादी गोष्ट वाचावयास घ्यावी.