काल्पनिक राज्यांना साथ कोण करणार?

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेंडो स्विचवर आला आणि त्याच वर्षीच्या १५ ऑक्टोबरला प्लेस्टेशन, एक्सबॉक्स व पीसीवर. राक्षसांनी पळवलेल्या गोलूला, म्हणजे आपल्या धाकट्या भावाला, शोधायला निघालेली राजी. तिच्या वाटचालीवर आपापसांत बोलत राहणारे दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी महालांची आठवण करून देणारी वास्तू. पहाडी चित्रांचे रंग. मधूनमधून छायाबाहुल्यांनी सांगितलेल्या कथा. भारतीय पुराणकथेवरचा खेळ जगभरच्या खेळाडूंनी इतक्या आवडीने खेळावा, असं त्याआधी क्वचितच घडलं होतं. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांच्या यादीत त्याला नामांकनही मिळालं. या सगळ्याला संगीत दिलं होतं लिनोस त्सेलोस यांनी. ते ग्रीक आहेत.

भुवया उंचावण्याआधी खेळ ऐकावा. संगीत मन लावून केलेलं आहे, आणि ग्रीक माणसाने दुर्गेला संगीत देऊ नये असा नियम कुठे नाही. तरी प्रश्न उरतोच. कल्पनारम्य खेळासाठी, त्यातही 'रोल-प्लेइंग' म्हणजे पात्राची भूमिका घेऊन पन्नास-शंभर तास खेळायच्या खेळासाठी, संगीतकार निवडायचा कसा? वाद्यं कोणती, धाटणी कुठली, हे कोणी ठरवायचं? गेल्या चाळीस वर्षांत जगात या बाबतीत काय काय झालं ते पाहिलं, तर धाटणीपेक्षा माणसाची निवड आधी येते आणि त्या माणसाला साथ करता यावी लागते, असं माझं मत झालं आहे. साथ करणाऱ्या माणसांची महाराष्ट्रात वाण नाही. आपण त्यांच्याकडे या नजरेने पाहिलेलं नाही, एवढंच.

एक पोस्टकार्ड आणि एक रेकॉर्डचं दुकान

अशा खेळांच्या संगीताचा पाया जपानमध्ये घातला गेला. १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आला तेव्हा त्याचे संगीतकार कोइची सुगियामा पंचावन्न वर्षांचे होते. टीव्हीत काम केलेले, जाहिराती आणि गाण्यांमध्ये नाव कमावलेले. शोगी या जपानी बुद्धिबळाचा एक संगणकीय खेळ त्यांनी खेळला आणि सोबतचं अभिप्रायाचं पोस्टकार्ड भरून एनिक्स कंपनीला पाठवलं. एवढ्या मोठ्या माणसाचं पत्र पाहून कंपनीतले लोक चकित झाले आणि त्यातून पुढचं काम जमलं. सुगियामांनी युरोपीय अभिजात संगीताची चौकट निवडली: किल्ल्यात दरबारी थाट, गावात हलकीफुलकी चाल, मैदानात एकाकी सूर. टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात २०२१ साली खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते त्यांच्याच सुरावटीवर. त्याच वर्षी, नव्वदाव्या वर्षी, ते गेले.

'फायनल फँटसी'चे (१९८७) नोबुओ उएमात्सु यांची गोष्ट उलट्या टोकाची. ते पियानो स्वतःच शिकले होते आणि रेकॉर्ड भाड्याने देणाऱ्या दुकानात काम करत होते. तिथे ओळख झालेल्या स्क्वेअर कंपनीच्या एका व्यक्तीने विचारलं, म्हणून ते या धंद्यात आले. हाताशी निन्टेंडोच्या यंत्रातली चिप: दोन चौकोनी लहरींचे आवाज, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि जेमतेम गुणवत्तेची मुद्रित ध्वनींची एक वाट. एवढ्यात राज्यं उभी करायची तर चालच पक्की हवी. वाद्यमेळाच्या भपक्यामागे लपायला जागा नव्हती. म्हणून त्या काळच्या सुरावटी आजही लोक गुणगुणतात. पुढे यंत्रं सुधारली तसे उएमात्सु मोकळे झाले. १९९४च्या सहाव्या भागात त्यांनी एक अख्खा ऑपेरा घातला, तर १९९७च्या सातव्या भागात शेवटच्या लढाईला लॅटिन समूहगान.

एक नामवंत, एक अनोळखी. दोघांची धाटणी वेगळी, शिक्षण वेगळं. दोघांनाही एक गोष्ट नेमकी कळली होती: खेळाडू त्याच मैदानातून शंभर वेळा जाणार आहे, आणि शंभराव्या वेळीही कान किटता कामा नये.

उत्तरेचे ड्रॅगन, पोलंडची भुतं

पश्चिमेत वेगळी वाट निघाली. 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतले 'मोरोविंड' (२००२), 'ऑब्लिव्हियन' (२००६) आणि 'स्कायरिम' (२०११) हे जेरेमी सोल यांचे. 'स्कायरिम'च्या मुख्य सुरावटीसाठी ड्रॅगनांची एक बनावट भाषा रचली गेली आणि तीत तीस पुरुषांच्या समूहाकडून गाऊन घेतलं गेलं. तेच गाणं तीनदा मुद्रित करून एकावर एक चढवलं, म्हणजे नव्वद जण गात असल्याचा भास. उरलेल्या खेळात मात्र सोल बहुतेक वेळ गप्पच असतात: लांबवलेले स्वर, बर्फ, वारा. त्या गर्जनेचा दरारा टिकतो तो या संयमामुळे.

पोलंडच्या 'सीडी प्रोजेक्ट रेड'ने 'विचर ३' (२०१५) करताना मार्चिन प्शिबिवोविच आणि मिकोवाय स्त्रोइन्स्की या संगीतकारांच्या जोडीला पर्सिव्हल हा लोकसंगीताचा चमू घेतला. या चमूचं नावच आंद्झेय सापकोव्स्की यांच्या 'विचर' कथांमधल्या एका पात्रावरून घेतलेलं. म्हणजे कथेवर आधीपासून जीव असलेले वादक. त्यांच्या खरबरीत तंतुवाद्यांनी आणि मोकळ्या गळ्याच्या गाण्यांनी तो खेळ सरसकट 'मध्ययुगीन युरोपा'तून उचलला आणि स्लाव्ह मातीत रोवला.

चीनच्या 'ब्लॅक मिथ : वुकाँग'ने (२०२४) आणखी पुढे मजल मारली. वाळवंटाच्या अध्यायात मुंडकं नसलेला एक भिक्षू तीन तारांचं वाद्य घेऊन बसतो आणि उत्तर शाआन्शी भागातल्या कथागायनाच्या ढंगात गातो. तो आवाज त्याच परंपरेतल्या एका कलावंताचा आहे. जगभरच्या खेळाडूंना शब्द कळले नाहीत, पण ते तिथे थबकले. आपल्याकडे डफ-तुणतुण्यावर पोवाडा म्हणणाऱ्या शाहिराला खेळात असं एकट्याला, विनाकात्री, बसवण्याचं धाडस कोण करील?

बाहेरचा संगीतकार आणि घरचा कान यांची सांगड घालण्याचा मार्गही आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन' (२०२४) या खेळाचं संगीत गॅरेथ कोकर या ब्रिटिश संगीतकाराने आणि मेंट्रिक्स या नावाने काम करणाऱ्या इराणी संगीतकर्तीने मिळून केलं. पर्शियाचा राजपुत्र अनेक वर्षं पश्चिमी कानांनी ऐकलेल्या 'पूर्वे'त वावरला; इथे पर्शियाचाच आवाज संगीताच्या मुळाशी आहे. 'राजी'सारख्या खेळाचा पुढचा भाग करणाऱ्यांनी या उदाहरणाकडे जरूर पाहावं.

माणूस कुठे सापडेल, याचं ताजं उत्तर फ्रान्समधून आलं. माँपेलिएच्या सँडफॉल या लहान संस्थेने 'क्लेअर ऑब्स्क्युर : एक्सपेडिशन ३३' (२०२५) हा खेळ केला. त्याचे संगीतकार लोरियाँ तेस्तार गिटार शिकवायचे. नावावर एकही खेळ नव्हता. त्यांनी इंटरनेटवर टाकलेल्या रचना दिग्दर्शकाच्या कानावर पडल्या आणि जोडी जमली. डिसेंबर २०२५च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातला सर्वोत्कृष्ट खेळ हाच ठरला आणि संगीताचा पुरस्कारही त्यालाच गेला.

सिनेमाचा हिशेब इथे चालत नाही

आपल्याकडे खेळ करायला घेतला की पहिला विचार येतो तो सिनेमाच्या संगीतकाराचा. मुंबईत ते भरपूर आहेत, वादकही तयारीचे आहेत. अडचण कामाच्या स्वरूपात आहे. सिनेमाच्या पार्श्वसंगीतकाराला चित्र कापून मिळतं. नायक कितव्या सेकंदाला वळतो हे त्याला ठाऊक असतं. खेळात नायक खेळाडूच्या हातात. तो दाराशी येऊन परत फिरेल, चहा प्यायला उठेल, राक्षसाला चार फटक्यांत मारेल किंवा चाळीस मिनिटं झुंजत राहील. संगीताने त्याच्या मागे जायचं.

यावरचा पहिला मोठा तोडगा लुकासआर्ट्सच्या मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी काढला. त्यांची 'आयम्यूज' यंत्रणा १९९१च्या 'मंकी आयलंड २'मध्ये प्रथम वापरली गेली. खेळाडू एका जागेतून दुसरीकडे गेला की चाल सम साधून पुढच्या चालीत मिसळायची. आज एफमॉड, वाइज अशी सॉफ्टवेअरं हेच काम सर्रास करतात. पद्धती मुख्यतः दोन. एकीत संगीताचे थर असतात: शांततेत फक्त आधारस्वर, शत्रू दिसला की त्यावर ताल, वार सुरू झाले की वर सुषिर वाद्यं. दुसरीत संगीताचे तुकडे असतात, आणि प्रसंग पाहून यंत्रणा पुढचा तुकडा निवडते. दोन्हींसाठी संगीतकाराला आधीच ठरवावं लागतं की कुठेही सोडलं आणि कुठेही धरलं तरी बेसूर होणार नाही.

हे काम आपल्याकडे रात्रभर चालतं

सिंधुदुर्गात कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि देवळापुढे दशावतार उभा राहतो. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर अशी नावाजलेली मंडळं. संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरतं, पात्रं ठरतात, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. बाजूला बसलेले असतात पेटीवाला, पखवाजवाला आणि झांजवाला. राजा बोलता बोलता दुःखात शिरला की पेटीवाला सूर हळूच खाली आणतो. त्याने पदाला तोंड फोडलं की पट्टी तयार असते. राक्षसाची आरोळी रंगपटातून आली की पखवाज आधीच जागा झालेला असतो. युद्धाला दोन्ही पात्रं गिरक्या घेत भिडली की लय नटांच्या पायांकडे पाहून चढते; नट दमला की वादक सांभाळून घेतो, प्रेक्षक तापले की लांबवतो. आजची सॉफ्टवेअरं ज्याला थर आणि तुकडे म्हणतात ते हा माणूस नुसत्या नजरेने करतो.

जागरणात वाघ्या-मुरळी दिमडी, तुणतुणं आणि घाटीवर खंडोबाची कथा रात्रभर नेतात. मणी-मल्लाचा वध हा तर आयता शेवटचा सामना. गोंधळात संबळ कथेला उचलून धरतो. वारल्यांच्या तारप्याचं आणखी वेगळं. वाळलेल्या भोपळ्याचं आणि बांबूच्या नळ्यांचं हे वाद्य वादक गालात हवा राखून न तोडता फुंकत राहतो. त्याने चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. सांधा न दिसता फिरत राहणारी सुरावट कशी रचायची, हा खेळांच्या संगीतातला जुना डोकेदुखीचा प्रश्न. जव्हारकडच्या तारपेकऱ्यांना तो पडतच नाही.

हाटकेशभोवतीचं एक राज्य

मी राहतो त्या मुंबईलगतच्या हाटकेशमध्ये उद्योगनगराचे गाळे आणि उंच इमारती एकमेकांना खेटून आहेत. जवळच काशिमीऱ्याला मालिकांचे स्टुडिओ आहेत, तिथल्या कथांना तयार साठ्यातला धडामधूम आवाज पुरतो. याच परिसरावर एखादा कल्पनारम्य खेळ बेतला तर? पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आणि वारली पाडे, उत्तरेला खाडी आणि घोडबंदरचा किल्ला, मध्ये भाईंदरची मिठागरं, पश्चिमेला उत्तन-चौकचे कोळी आणि टेकडीवरचा धारावी किल्ला. वसईच्या मोहिमेत या किल्ल्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि चर्चमधल्या घंटा देवळांत गेल्या: भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात. त्या आजही तिथे टांगलेल्या आहेत.

नायिकेसाठी एकच छोटी सुरावट घ्यावी, पाच-सहा स्वरांची. जंगलात ती तारप्यावर येईल. किनाऱ्यावर तिला ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या लग्नांतल्या घुमटाचा ठेका मिळेल आणि पुढे ब्रास बँड. मिठागरांत काहीच नको: वारा, पाणी, आणि लांबून एखादा स्वर. 'स्कायरिम'चा संयम इथे कामाला येईल. लढाईला पखवाजाचे थर. खेळ जतन करण्याच्या जागी घंटा, तीही चर्चच्या घडणीची आणि देवळात टांगलेली. कुणाच्या ओळीत न बसणारा तो एक नाद या राज्याचा सगळा इतिहास सांगून जाईल. या यादीत सतार-तबला नाही. सतारीशी वैर नाही; मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती आपलीच आहे. पण परदेशी खेळांत 'भारत आला' एवढं सांगायला सतारीची तार छेडण्याची पद्धत पडून गेली आहे. आपण तरी ती उसनी का घ्यावी?

निवड करणाऱ्यांसाठी

लहान चमूंना मोठं नाव परवडत नाही, आणि वरची उदाहरणं पाहता त्याची गरजही नाही. उमेदवाराकडून सुंदर तीन मिनिटांची रचना मागवू नये. ती कुणीही देईल. खेळाचं कच्चं रूप त्याच्यापुढे ठेवावं, एखाद्या अडाणी खेळाडूला मन मानेल तसं खेळू द्यावं, आणि वाजवायला सांगावं. जो स्वतःच्या चालीच्या प्रेमात पडून खेळाडूला विसरतो, तो गुणी असला तरी या कामाचा नाही. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं, तो घ्यावा.

लोककलावंताला बोलावलं तर त्याचा आवाज 'नमुना' म्हणून कापून साठ्यात टाकू नये. त्याला रचनेत बसवावं, श्रेयनामावलीत वाद्यासकट नाव द्यावं, आणि करारात पुढच्या वापराचे पैसे लिहावेत. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क दिला. खेळांच्या करारातही तसं कलम सुरुवातीलाच घालून घेतलं तर पुढची भांडणं टळतील.

त्सेलोस यांना पुण्याच्या चमूने निवडलं यात गैर काही नव्हतं. त्यांनी जगातून माणूस शोधला. पुढच्या शोधात पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंनी एक रात्र कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या जत्रेसाठी राखून ठेवावी. रंगमंचाकडे पाठ केली तरी चालेल, पेटीवाल्याकडे तोंड करून बसावं. तो नटाकडे कसा पाहतो हे कळलं, की कराराचा मसुदा सकाळी लिहायला घेता येईल.